मुरमाची वाट

कालव्याच्या भरावात उंदीर शिरलाय हे शलाका बोंद्रेला कळलं तेव्हा ती कालवा मंडळाच्या ऑफिसात टेबलाशी डबा उघडून बसली होती. समोरच्या पडद्यावर बोरणा कालव्याची लांबच लांब रेघ होती आणि त्या रेघेवर, नदीखोऱ्याच्या ऐन मध्यावर, एक पिवळा ठिपका लुकलुकत होता. ठिपक्याशेजारी शब्द आला होता, 'उकरणे'. शलाकानं घास तसाच हातात धरला. यंत्राची चूक असणार, असं तिला आधी वाटलं. तिथवर पोचायचं तर त्या प्राण्याला काळ्या मातीतून यावं लागलं असतं, आणि काळ्या मातीत माळउंदीर बीळ करत नाही.

तिनं हात पुसून कानाला हेडफोन लावला. खर्रर्र. मग शांतता. मग पुन्हा खर्रर्र. पुढच्या पायांनी उकरायचं, मागच्या पायांनी माती लोटायची, क्षणभर थांबून कानोसा घ्यायचा. हा आवाज तिनं इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला होता, की तिला पडद्यावरच्या शब्दाची गरज नव्हती.

कालवा बांधताना त्याचे दरवाजे दुरून उघडता-मिटता यावेत म्हणून भरावाच्या पोटातून केसासारखा बारीक काचेचा तंतू नेला होता. या तंतूतून लेझरचा प्रकाश सारखा धावत असतो. आजूबाजूची माती जराशी जरी हलली तरी तंतू किंचित ताणला जातो, आणि त्यातून उलट परतणारा प्रकाश बदलतो. तो बदल नेमका कुठून आला हेही मोजता येतं. म्हणजे सबंध कालवा हाच एक कान झाला. बैल चालला, ट्रॅक्टर गेला, पाणी पाझरलं, उंदरानं उकरलं, प्रत्येकाची थरथर वेगळी. शलाका आणि तिच्या सहकाऱ्यांनी संगणकाला ती थरथर ओळखायला शिकवलं होतं. ऑफिसात सगळे त्या यंत्रणेला नुसतं 'कान' म्हणत.

माळउंदीर तसा साधा जीव. वाळवंटाकडच्या उंदरांचा भाऊबंद; मोठे डोळे, शेपटीच्या टोकाला झुपका, दिवसभर बिळात आणि अंधार पडला की बाहेर. पण तो कुठं राहील आणि कुठं राहणार नाही हे त्याच्या हातात नसतं, ते माती ठरवते. मुरमात तो सुखी असतो. मुरूम उकरायला सोपा, पाणी लगेच निचरतं, बीळ ढासळत नाही. काळ्या मातीत सगळं उलटं. पावसाळ्यात ती फुगते, चिकटते, बिळांची तोंडं बुजतात आणि पिलं आतल्या आत गुदमरतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, आणि भेगांतून ऊन, साप, मुंगूस सगळेच आत शिरतात. म्हणून बोरणा नदीचं काळंभोर खोरं ही माळउंदराची सरहद्द होती. उत्तरेला सातकुंडीचे मुरमाड डोंगर, दक्षिणेला हिवरठाणचा मुरमाड माळ. दोन्हीकडे उंदीर होते, पण हजारो वर्षांत त्यांची कधी गाठ पडली नव्हती. उंदरांचा आणि त्यांच्या रोगांचा अभ्यास हेच शलाकाचं काम, आणि तिनं दोन्हीकडच्या उंदरांची जनुकं तपासली होती. एका जातीचे असूनही ते केव्हाचेच एकमेकांना परके झाले होते.

आणि हे परकेपण फार मोलाचं होतं. सातकुंडीच्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवांत प्लेगचा जंतू होता. तिथले उंदीर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर जगत आले होते. त्यांच्यातले काही मरत, बाकीचे त्याला पुरून उरत. डोंगरातल्या मेंढपाळ वस्तीवर अधूनमधून एखाद्याला गाठीचा ताप येई, औषध वेळेवर मिळालं तर तो वाचे. दक्षिणेच्या उंदरांनी मात्र हा जंतू कधी पाहिलाच नव्हता. तो तिकडे पोचला तर ते पटापट मरणार होते, आणि मेलेल्या उंदरावरून उठलेली पिसू पहिलं जे गरम अंग मिळेल त्यावर बसणार होती.

शलाका त्याच दुपारी जीप घेऊन निघाली. भरावाच्या उतारावर, कालव्याच्या अस्तरापासून थोडं खाली, मुठीएवढं भोक होतं. तोंडाशी ताज्या मुरमाचा ढीग. तिनं हात लांब करून उष्णतामापक आत सारला. बाहेर अंग भाजत होतं, आत माठातल्यासारखा गारवा होता.

मग तिला सगळं उमजलं. गेल्या दहा-बारा वर्षांत उन्हाळा असा वाढला होता की सातकुंडीच्या माथ्यावरचा मुरूम हातभर खोलीपर्यंत तापे. त्याखाली लगेच पाषाण. उंदराला आणखी खोल जाता येईना, म्हणून तो उतारावर उतरला. उताराच्या पायथ्याशी त्याला हा भराव भेटला. काळ्या मातीवर थेट कालवा बांधला तर ती फुगून-आकसून अस्तर फोडते. म्हणून अभियंत्यांनी रीतीप्रमाणे सबंध खोऱ्यात दोन पुरुष उंच मुरूम आणून घातला होता. उंच म्हणजे तिथं पूर चढत नाही. मुरूम म्हणजे उकरायला मऊ. आणि कालव्याचा पाझर म्हणजे भर वैशाखातही आत ओलावा. मुद्दाम उंदरासाठी म्हणून कुणी बांधलं असतं तरी याहून चांगलं घर जमलं नसतं. काळ्या खोऱ्यावर माणसानं मुरमाचा पूल टाकून दिला होता.

सापळ्यात सापडलेल्या उंदराच्या पिसवा प्रयोगशाळेत गेल्या. उत्तर तिला अपेक्षित होतं तेच आलं.

कालवा मंडळाच्या बैठकीत कार्यकारी अभियंता नाफडे यांनी तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. नाफडे निवृत्तीला आलेले, कालव्याच्या पहिल्या खोदाईपासून त्यावर राबलेले गृहस्थ.

"विष टाकू, मॅडम," ते म्हणाले. "टनानं टाकू."

"विषानं उंदीर मरतील, साहेब. पिसवा मरणार नाहीत. त्या उठून आपल्या माणसांवर बसतील. भरावावर रोज गुराखी असतात."

"मग काय करायचं म्हणता?"

"भराव तोडायचा. खोऱ्यात जिथं माती सगळ्यात काळी आहे, तिथं हाकेच्या अंतराएवढा मुरूम उचलून न्यायचा. काळी उघडी पडली की उंदीर तिथंच थांबेल. आत्ता तो मध्यावर आहे. आणखी दोन पावसाळे गेले की पलीकडं असेल."

"आणि पाणी?"

"खांबांवरून पोलादी नळानं न्यायचं."

नाफडे हसले, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "जलसेतू म्हणजे दोन वर्षं. तेही सगळं वेळेवर झालं तर. तोवर खालच्या गावांनी काय करायचं?" मग त्यांनी विचारलं, "तुमची बहीण तिकडं सरपंच आहे ना? हिवरठाणला?"

"हो."

"मग मंजुरी मी आणतो. सांगायचं काम मात्र तुम्ही करा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

हिवरठाण हे कालव्याच्या शेपटीचं गाव. शलाकाची धाकटी बहीण तनुजा लग्न होऊन तिथं गेली तेव्हा गावात निम्म्या घरांना कुलपं होती. टँकर आठवड्यातून दोनदा येई आणि त्याच्यावर भांडणं होऊन डोकी फुटत. तनुजा सरपंच झाली आणि तिनं एकच ध्यास घेतला. कालवा वरच्या गावाशी थांबायचा होता, तो तिनं हिवरठाणपर्यंत आणवला. त्यासाठी मंत्रालयाचे उंबरे झिजवले, उपोषणं केली. ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी म्हाताऱ्या बायांनी कालव्याची ओटी भरली होती. आता माळावर संत्र्याच्या बागा होत्या, कुलपं उघडली होती, शाळेत पोरं होती.

शलाका गेली तेव्हा तनुजाचा नवरा गुणवंत अंगणात ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता. हा माणूस कायम हसतमुख. शलाकाचा चेहरा पाहूनही त्यानं थट्टा सोडली नाही.

"या ताई. त्या उंदराचं ऐकलं मी. त्याले सांगा, हिवरठाणले राहायला यायचं तर ग्रामपंचायतीचा दाखला लागते."

तनुजा आतून हात पुसत आली. शलाकानं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. माती, उंदीर, पिसू, भराव.

"झालं?" तनुजानं विचारलं.

"झालं."

"आजवर या गावात प्लेगनं किती माणसं मेली, ताई?"

"एकही नाही. आणि मरू नयेत म्हणूनच मी..."

"आणि पाण्यावाचून गाव किती रिकामं झालं होतं ते तू पाहिलंस. माझ्या लग्नात वऱ्हाडाला प्यायला पाणी नव्हतं. आपल्या आबांनी पिंपं भरून आणली होती. आठवतं का?"

"तनू, दोन वर्षांचाच प्रश्न आहे."

"संत्र्याचं झाड दोन वर्षं वाट पाहतं का ग?" तनुजाचा आवाज चढला. "एक उन्हाळा पाणी तुटलं की झाड गेलं. झाड गेलं की माणूस गेला. परत नाही येत कुणी. तुझा उंदीर येईल न येईल. टँकर मात्र नक्की येणार."

"येईल. तो येईलच. मी सांगते ना तुला."

"तू सांगतेस म्हणूनच राग येतोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हाकलून दिलं असतं."

गुणवंतची आई, कौसाबाई, चहा घेऊन आल्या आणि तो तसाच निवत राहिला. शलाका निघाली तेव्हा तनुजा दारापर्यंत आली नाही. गुणवंतच जीपपर्यंत आला. "मी समजावतो तिले," तो म्हणाला. "तुमी तुमचं काम करा. पण लवकर बांधा तो पूल."

दिवाळी झाल्यावर भराव तोडला. पोलिसांच्या बंदोबस्तात यंत्रं आली, मुरूम उचलून डंपरनं दूर नेला, आणि खोऱ्याच्या मध्यावर काळ्या मातीचा उघडा पट्टा राहिला. त्या जागेला सगळे 'तोड' म्हणू लागले. तंतू मात्र खोल गाडून तसाच ठेवला. तोडाच्या उत्तरेकडच्या भरावातले उंदीर पकडले, बिळांत पिसवा मारायची पावडर मारली. उत्तरेच्या गावांना पाणी चालू राहिलं, कारण ती तोडाच्या अलीकडे होती. दक्षिणेला टँकर सुरू झाले.

जलसेतूचे खांब उभे राहायला उशीर लागला. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, आणि खोल नेला तरी पहिल्या ठेकेदाराचे दोन खांब कलले आणि नवा ठेकेदार येईपर्यंत काम बंद राहिलं. शलाका दर आठवड्याला नाफड्यांना फोन करी. तनुजाला केलेले तिचे फोन मात्र वाजून वाजून बंद होत.

पुढच्या वर्षी, एप्रिल संपता संपता, 'कान' बोलू लागला. तोडाच्या जागी ठिपके उमटले, 'ट्रॅक्टर', 'ट्रॉली', 'माती ओतणे'. शलाका कुणाला काही न सांगता एकटीच निघाली.

भर दुपारी तिथं हिवरठाणचे पंधरा-वीस जण राबत होते. उघड्या काळ्या मातीवर त्यांनी मुरमाचा कंबरभर उंच, चार हात रुंद बांध घातला होता आणि त्यावर काळा प्लॅस्टिकचा पाइप बसवत होते. पाइपाचं एक टोक उत्तरेच्या पाण्यात होतं. गुणवंत घामानं निथळत सांधे आवळत होता. शलाकाला पाहून बाकीचे मागं सरले. तो उठून पुढं आला.

"काळीवर नुसता पाइप टाकून पायला, ताई. भेगा पडतात तसे सांधे उघडतात. म्हणून खाली मुरूम."

"गुणवंतराव, हा मुरूमच नकोय इथं. याच्यासाठीच तर सगळं केलं."

"मले माईत हाय." तो थट्टा करत नव्हता. ओठांची साल निघाली होती, डोळे आत गेले होते. "चार दिवस झाले टँकर आला नाई. वरच्या घाटात उलटला म्हणतात. बाया डोहातलं पाणी गाळून पितात, पोरं हगवणीनं पडलीत. माही माय झोपून हाय. दोन इंचाचं पाणी जाईन यातून. पिण्यापुरतं. पाऊस पडला की मी सोता काढतो, तुमची शपथ."

"तनूला माहीत आहे?"

"तिले नका सांगू. सरपंच हाय, तिच्यावर येईन."

शलाका उभी राहिली. बांध कमरेएवढाच आहे, ती मनाशी म्हणाली. उत्तरेचा भराव साफ केलेला आहे. नव्या उंदरांना इथवर यायला वर्ष तरी लागेल. तोवर पावसाळा येईल आणि हा बांध एका पुरात वाहून जाईल. हे सगळं खरं असू शकत होतं. पण हे तिनं हिशोब मांडून काढलेलं नव्हतं, आणि तेही तिला कळत होतं.

"काढा हे, गुणवंतराव," ती म्हणाली.

"काढतो. पाऊस पडला की काढतो."

ती वळली आणि जीपमध्ये बसली. ऑफिसात येऊन तिनं पडद्यावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. यंत्रणा विचारत होती : नोंद पक्की करायची की दुरुस्त करायची? तिनं दुरुस्त केली. 'गुरांची वाट' असं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून 'कान' त्या जागेकडे लक्ष देईनासा झाला.

पाऊस उशिरा आला. आला तो सातकुंडीच्या डोंगरावर एकदम ढग फुटल्यासारखा कोसळला आणि खोऱ्यावर नुसता भुरभुरला. डोंगरावरचं पाणी वाटेतल्या तापलेल्या ओढ्यांतच जिरलं, नदीला पूर आला नाही. डोंगरावरची राहिलेली माती मात्र त्या एका पावसात खरवडून निघाली, पाषाण उघडा पडला आणि उंदरांचे कळप एकाच वेळी खाली सरकले. ऑगस्ट कोरडा गेला. बांध जागच्या जागी राहिला. पाइपाचे सांधे थोडेथोडे गळत होते. त्या गळतीनं मुरूम आतून ओला, गार राहिला.

सप्टेंबरात एका सकाळी शलाकानं तोडाच्या जागेचा आवाज मुद्दाम उघडून ऐकला. रोज टाळत होती, त्या दिवशी धीर झाला.

खर्रर्र. शांतता. खर्रर्र.

एका जागी नव्हे, बांधाच्या सबंध लांबीभर. आणि बांधाच्या पलीकडं, दक्षिणेच्या भरावातसुद्धा.

तिनं लगेच नाफड्यांना कळवलं. गावकऱ्यांनी बांध घातलाय, उंदीर पार झालाय. केव्हा घातला ते आपल्याला माहीत होतं, हे तिनं सांगितलं नाही. यंत्रं आली, बांध उचलला, पाइप कापला. माळावर सापळे लावले, बिळांत पावडर मारली. पावडर मारणाऱ्यांत गुणवंत सगळ्यांच्या पुढं होता. एकदा दोघं समोरासमोर आली तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, "पाऊसच नाई पडला, ताई."

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. सापळ्यातले उंदीर निरोगी निघत होते. शलाकाला हळूहळू झोप लागू लागली. पण प्लेगची पिसू थंडीत जोमानं वाढते. बिळातली हवा थंड आणि ओलसर असली की तिचं आयुष्य लांबतं. हे तिनंच कितीतरी व्याख्यानांत सांगितलं होतं.

फेब्रुवारीत, संत्री तोडणीला आली त्याच आठवड्यात, बागांमध्ये उंदीर पडायला लागले. ते पहिल्यांदा गुणवंतला दिसले. पाण्यावाचून निम्मी झाडं वाळली होती. जी जगली होती त्यांना माल धरला होता, आणि दोन दिवसांत ट्रक येणार होते. प्लेगचं नाव निघालं असतं तर गाव बंद झालं असतं आणि एक संत्रं बाहेर गेलं नसतं. गुणवंतनं कुणाला न सांगता मेलेले उंदीर फावड्यानं गोळा केले आणि बागेच्या कडेला खड्ड्यात पुरले. ट्रक भरून गेले. दोन दिवसांनी त्याला हुडहुडी भरली. जांघेत बेंड आलंय, असं त्यानं तनुजाला सांगितलं.

तनुजाचा फोन आला तेव्हा शलाका प्रयोगशाळेत होती. दीड वर्षानं बहिणीचं नाव फोनवर उमटलं होतं.

"ताई, ह्यांना खूप ताप आहे. खोकल्यातून रक्त पडलं आत्ता. जांघेत गाठ आहे. खरं सांग, हे तेच आहे का?"

शलाकानं एका हातानं साथरोग कक्षाला फोन लावला आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर बहिणीशी बोलत राहिली. तोंडाला ओढणी बांध. सासूबाईंना दुसऱ्या खोलीत ने. कुणाला आत येऊ देऊ नकोस. तू पण बाहेर थांब.

"बाहेर थांबू?" तनुजा म्हणाली. "ते पाणी मागताहेत."

गुणवंत दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. रोग गाठीतून फुप्फुसात उतरला होता, आणि तिथं उतरल्यावर औषधाला फार थोडा वेळ मिळतो. कौसाबाई त्याच्यामागं गेल्या. तोडणीला आलेल्या दोघी मजुरिणी गेल्या, त्यांच्यातल्या एकीचं तान्हं बाळ गेलं, ट्रक भरणारा हमाल त्याच्या गावी पोचून वारला. तनुजाला औषध वेळेत मिळालं. ती वाचली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तिला काचेमागं ठेवलं होतं. शलाकाला बाहेर खुर्ची दिली होती आणि बोलायला भिंतीवरचा फोन. तनुजाचे केस कापले होते. तिनं काचेपलीकडून शलाकाकडं पाहिलं आणि फोन उचलला.

"बांध घालत होते तेव्हा तू तिथं आली होतीस."

शलाकानं होकारार्थी मान हलवली.

"मला ह्यांनी शेवटच्या तापात सांगितलं. त्याआधी मला बांधाचं काही माहीत नव्हतं. नळाला पाणी आलं तेव्हा मला वाटलं, वरून कुणीतरी सोय केली." तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. "ते काय म्हणाले सांगू? म्हणाले, ताईनं डोळ्यांनी पाहिलं आणि निघून गेली. म्हणजे तेवढं धोक्याचं नसणार. असतं तर ताई गप्प बसली नसती."

"मी म्हणाले होते, काढा म्हणून."

"किती वेळा?"

"एकदा."

"माझ्या अंगणात येऊन तासभर समजावलंस. मी ऐकत नव्हते तरी समजावत राहिलीस. आणि तिथं एकदा?"

"तिथं बायका डोहाचं पाणी पीत होत्या, तनू. मला बोलवेना."

"मला तुरुंगात घालायचं होतंस." तनुजा रडत नव्हती. तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्यांना घालायचं होतंस. शिव्या दिल्या असत्या तुला जन्मभर. जिवंत राहून दिल्या असत्या."

तिनं फोन जागेवर ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

शलाका तिथून थेट नाफड्यांकडं गेली. त्यांच्यासमोर बसून तिनं एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं. आवाज, बांध, तिनं बदललेली नोंद. "मॅडम," नाफडे म्हणाले, "तिथं मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा. त्यासाठीच आले."

चौकशी झाली. तिला कामावरून काढलं. जाण्याआधी तिनं आपल्या सहकाऱ्यांबरोबर बसून नवा नकाशा केला. आता सरहद्द म्हणून काही उरलंच नव्हतं. हिवरठाणच्या माळापासून दक्षिणेला सलग मुरमाची जमीन होती, तिच्यात शंभरावर गावं होती, आणि प्रत्येक उन्हाळ्याबरोबर रोगाची रेघ खाली सरकणार होती. एखादी नदी, एखादं काळं खोरं तिला अडवेल का, ते शोधत त्यांनी दिवसेंदिवस घालवले. फार खाली एक सापडलं. त्याच्यावरही रस्त्याचा भराव होता. तो तोडायला हवा, असं शलाकानं लिहून दिलं. नंतर तो तोडला की नाही, हे तिला कुणी कळवलं नाही.

जलसेतू पुढच्या पावसाळ्यात पुरा झाला. पाणी हिवरठाणला पोचलं. पण गाव बंद होतं. लस घेतलेल्यांनाच आत सोडत, आणि आतून बाहेर काही न्यायला मनाई होती. जगलेल्या झाडांना पुन्हा संत्री धरली आणि झाडाखालीच सडली. बरीच घरं पुन्हा कुलपात गेली. तनुजा मात्र गावातच राहिली होती. लोक येऊन तिला विचारत, आपण इथं थांबायचं की जायचं, आणि ती म्हणे, ज्याचं त्यानं ठरवावं.

शलाकानं लस घेतली, ती अंगात भिनेपर्यंत थांबली, आणि एक दिवस पिशवी घेऊन नाक्यावर उतरली. पहाऱ्यावरच्या शिपायानं तिचा दाखला पाहून तिला आत सोडलं. ती चालत गावात गेली. वाटेवर कुणी ओळख दिली, कुणी तोंड फिरवलं. तनुजाच्या घराच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता, चाकांतली हवा गेलेली.

तनुजा ओसरीवर पिसवांची पावडर मापात भरत बसली होती. दर आठवड्याला ती गावातल्या घराघरांत जाऊन बिळांत, कोपऱ्यांत, अंथरुणांखाली मारत असे. आता तिला मदतीला कुणी नव्हतं. तिनं वर पाहिलं. शलाका पायरीशी उभी राहिली.

"किती दिवस?" तनुजानं विचारलं.

"ठेवशील तितके."

तनुजानं पावडरीचा डबा बंद केला. हात चोळून झटकले. बहिणीच्या पायांकडं, धुळीनं भरलेल्या चपलांकडं तिनं पाहिलं.

"चपला तिथंच काढ," ती म्हणाली. "झटक. साडीचा काठ पण झटक. मग आत ये."